लिनक्सवर चित्रफीत संपादन : सोपे साधन कसे निवडावे?

लग्न, शाळेचे स्नेहसंमेलन, घरातील ज्येष्ठांचे बोल यांचे चित्रण आज मोबाईलवर सहज होते. परंतु नको तो भाग वगळून, तुकडे जोडून ते पाहण्याजोगे करावयाचे तर संपादनाचे साधन लागते. लिनक्स वापरणाऱ्यांना अशी अनेक साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील निवड मात्र साधनाच्या लौकिकावरून नव्हे, तर आपल्या कामावरून करावी.

केवळ पुढचा-मागचा भाग कापावयाचा असल्यास ‘एव्हिडेमक्स’ पुरेसे आहे. बहुतेक चित्रफितींत ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असते आणि मधल्या काळातील केवळ बदल नोंदविलेले असतात. पूर्ण चित्रापाशी कापल्यास फाईल नव्याने घडवावी लागत नाही. काम काही क्षणांत होते व दर्जाही घटत नाही.

तुकडे जोडून शीर्षक व संगीत द्यावयाचे असल्यास जोनाथन थॉमस यांनी २००८ साली आरंभलेले ‘ओपनशॉट’ नवशिक्यांना सोपे वाटते. ‘शॉटकट’ही याच कामास उपयुक्त आहे. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र करणाऱ्यांनी ‘केडेनलाइव्ह’ शिकून घ्यावे. संगणक मंद असल्यास ते चित्रणाची हलकी प्रत तयार करून तीवर काम करू देते. अंतिम फीत मात्र मूळ चित्रणातूनच बनते.

संगणकाची कुवतही पाहावी. शॉटकटसाठी एचडी चित्रणास किमान ८ जीबी व ‘फोर-के’ चित्रणास १६ जीबी रॅम सुचविलेली आहे. तसेच साधनाची देखभाल आजही होते का, हे तपासावे. एकेकाळी लोकप्रिय असलेल्या ‘किनो’ची देखभाल २०१३ पर्यंत थांबलेली होती.

मोबाईलच्या चित्रणात दर सेकंदाच्या चित्रांची संख्या बदलत राहते. त्यामुळे कधी ओठांची हालचाल व आवाज जुळत नाहीत. अशा वेळी संपादनापूर्वीच फाईल स्थिर गतीच्या स्वरूपात बदलून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. ओपनशॉट, शॉटकट वा केडेनलाइव्हच्या प्रकल्प-फाईलमध्ये चित्रण नसते. ते कोठे ठेवले आहे व कोठे कापावयाचे आहे, एवढीच नोंद असते. प्रकल्प जपला आणि मूळ फाईल पुसली, तर हाती काहीच उरत नाही. म्हणून मूळ चित्रणाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवूनच कामास आरंभ करावा. साधन केव्हाही बदलता येते. दिवंगत आजीचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही.