आधी उपकार, मग स्तुती : सुटकेनंतरच्या गाण्याचा अर्थ

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात ‘उपकारस्तुती’ हा एक जुना शब्द रूढ आहे. आजारातून उठलेला माणूस, वादळातून परतलेला खलाशी, दुष्काळातून वाचलेले कुटुंब देवळात किंवा घरी चार माणसे जमवून देवाची गाणी गाते, त्याला हे नाव आहे. आपल्या गोव्यात घरासमोरच्या क्रुसाजवळ गायली जाणारी लदीन सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात मागणे असते तसेच पावल्याबद्दलचे आभारही असतात. मात्र उपकारस्तुती या शब्दातील दोन पदांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. उपकार आधी घडतो, स्तुती नंतर येते. स्तुती ही सुटकेची किंमत नव्हे. या क्रमातच ख्रिस्ती स्तुतिगानाचे मर्म आहे.

बायबलमध्ये हा क्रम पुनःपुन्हा दिसतो. मिसर देशाच्या दास्यातून निघालेले इस्राएल लोक समुद्र ओलांडून पलीकडच्या तीरावर पोहोचतात, तेव्हा मोशे आणि लोक गातात. मोशेची बहीण मिर्याम हातात डफ घेते आणि स्त्रिया तिच्यामागून नाचत निघतात. निर्गम ग्रंथाच्या १५ व्या अध्यायातील हे गाणे समुद्र ओलांडल्यानंतरचे आहे. स्तोत्रसंहितेतील १०७ वे स्तोत्र तर या विषयाचा जणू आराखडाच मांडते. त्यात चार प्रकारची माणसे आहेत : रानात वाट चुकलेले भुकेले, अंधारकोठडीतील बंदिवान, मरणाच्या दारी पोहोचलेले रोगी आणि तुफानात सापडलेले दर्यावर्दी. चौघांचीही गोष्ट एकाच क्रमाने सांगितली आहे. संकट, आक्रोश, सुटका आणि शेवटी आभार मानण्याचे आवाहन. हे आभार मनातल्या मनात मानायचे नाहीत, लोकांच्या सभेत मानायचे आहेत. सुटलेल्या माणसाचे गाणे ही एक प्रकारची साक्ष असते. आपल्यावर काय गुदरले आणि आपण कसे वाचलो, हे तो इतरांना ऐकवतो.

मग आंगवण फेडणे आणि उपकारस्तुती यांत फरक कोणता? बायबलमध्येही नवस आहेत. ११६ व्या स्तोत्रातील भक्त आपले नवस सर्वांसमक्ष फेडीन असे म्हणतो. परंतु नवसात आधी ठरलेला करार असतो. स्तुतीत तो नसतो. लूकच्या शुभवर्तमानातील १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाही जण बरे होतात. मोठ्याने देवाचा गौरव करीत परत येतो तो एकच, आणि तोही परका मानला गेलेला शोमरोनी. उरलेले नऊ कुठे आहेत, असे येशू विचारतो. मात्र त्या नऊ जणांचा आजार उलटल्याचे कथेत कोठेही म्हटलेले नाही. जो गात नाही त्याच्याकडून उपकार परत घेतला जात नाही. म्हणूनच जो गातो त्याचे गाणे मोकळे असते.

ही तात्त्विक बाब मराठी मुलखात एका कठीण प्रसंगी कसाला लागली. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, सातपुड्याच्या कुशीत खकनार हे तालुक्याचे गाव आहे. शेजारच्या मेळघाटाप्रमाणे याही भागात कोरकू वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाणपूर तेव्हाच्या मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात मोडत असे. १८९६-९७ च्या दुष्काळाने हा मध्य प्रांत होरपळून निघाला. अनाथ मुली आणि तरुण विधवा यांचे हाल सर्वांत वाईट झाले. अन्नाच्या आमिषाने त्यांना नेणारे दलाल फिरू लागले होते.

त्या वेळी पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात गेल्या. त्यांना दुष्काळ नवा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. तीर्थोतीर्थी पुराण सांगत कुटुंब फिरत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. स्वतः वाचलेल्या या बाईने मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा दौंडजवळच्या केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांच्या राहण्याची सोय झाली. त्या वस्तीचे नाव ‘मुक्ती’. यशयाच्या ६० व्या अध्यायात भिंतींना तारण आणि वेशींना स्तुती हे नाव देण्याची कल्पना आहे. केडगावात जे घडले त्याचे वर्णन करण्यास ही प्रतिमा पुरेशी आहे.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याने भाकर दिली त्याच्या देवाची गाणी भुकेल्याने गायली, तर ते गाणे मोकळे कसे म्हणावे? हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या वादातून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. या आक्षेपाला स्वतः बायबलमधील कथाच कसोटी पुरवते. नऊ जणांना न गाताही आरोग्य मिळाले. तसे, न गाणारीलाही भाकर मिळायला हवी. जेथे ती मिळत नाही, तेथे गाणे ही स्तुती राहत नाही, तो सौदा होतो. कोणत्याही धर्माच्या सेवाकार्याला ही कसोटी लावता येते.

दुसरी शंका न वाचलेल्यांविषयीची आहे. त्याच दुष्काळात असंख्य माणसे मेली. वाचलेल्याने गावे तरी कसे? यहुदी परंपरेतील तालमूद ग्रंथात याविषयी एक कथा आहे. मिसरी सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत गाऊ पाहतात, तेव्हा माझ्या हातची लेकरे बुडत असताना तुम्ही गाता काय, असे देव त्यांना विचारतो. स्तोत्रसंहितेतही स्तुतीइतकीच विलापगीते आहेत. सुटकेचे खरे गाणे दुःख पुसून टाकत नाही, ते दुःखाचे नाव घेऊनच पुढे जाते.

गाण्याची भाषा आणि चाल यांचाही येथे संबंध येतो. १९०५ साली केडगावात मोठे धार्मिक जागरण झाले. एकाच वेळी सर्वांनी मोठ्याने प्रार्थना करणे, तासन्‌तास गाणे, टाळ्या वाजवणे पाहून काही पाश्चात्त्य मंडळी अस्वस्थ झाली. भारतीय ख्रिस्ती माणसाची भक्ती पाश्चात्त्य साच्यात बसवू नये, ही रमाबाईंची भूमिका होती. त्याच सुमारास रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगर परिसरात अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणत होते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानत. आपल्या गोव्यात तर हे काम तीन शतके आधी सुरू झाले होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ते देवळांत आणि घरांत मोठ्याने वाचले जाई. ज्या भाषेत माणूस आकांत करतो, त्याच भाषेत त्याला आभारही मानता यावेत, ही निकड या तिघांच्याही कामामागे दिसते.

उपकारस्तुती गाण्यापाशी संपत नाही, हेही रमाबाईंच्या चरित्रावरून कळते. दुष्काळातून वाचलेली मुलगी वीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात इतर मुलींना शोधत गेली. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली मुक्तीत आल्या. १०७ व्या स्तोत्रातही भुकेल्यांना वसण्याजोगे नगर मिळते आणि ते तेथे शेते पेरतात. केडगावच्या शेतावर मुली गात होत्या, त्याचबरोबर पेरत, विणत आणि छापखान्यात खिळे जुळवत होत्या. त्यांची उपकारस्तुती या कामांतूनही चालू होती.