स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनातील अनोळखी आवाज : अंदाजाकडून पुराव्याकडे

फेब्रुवारी २०१४ मध्ये जर्मनीच्या पोर्शे कंपनीने आपल्या नव्या ‘९११ जीटी३’ या स्पोर्ट्‌स कारच्या मालकांना गाडी वापरू नका, असे कळवले. युरोपात अशा दोन गाड्यांना आग लागली होती. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल झाल्याने रॉडने इंजिनाचे आवरण फोडले आणि बाहेर आलेले तेल पेटले, असे तपासात आढळले. पुढील महिन्यात कंपनीने जगभरातील ७८५ गाड्यांची इंजिने बदलून देण्याचा निर्णय जाहीर केला.

तो दोष निर्मितीतील होता. मात्र वेगवान इंजिनातील एखादा लहानसा भाग सैल झाल्यास काय होऊ शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले. मिनिटाला ९,००० फेरे घेण्याची क्षमता असलेल्या या इंजिनाचा क्रँकशाफ्ट कमाल वेगात सेकंदाला १५० वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून दिशा बदलतो. अशा यंत्रातील झीज डोळ्यांना दिसत नाही. ती बहुधा प्रथम कानाला जाणवते. म्हणूनच अनोळखी आवाजाचे योग्य निदान हा खर्चाइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

अडचण अशी की, स्पोर्ट्‌स कार मुळातच आवाज करणारी असते. थेट सिलिंडरमध्ये उच्च दाबाने पेट्रोल सोडणारे इंजेक्टर टिकटिकतात. थंड इंजिन सुरू होताच उत्प्रेरक यंत्रणा लवकर तापावी म्हणून काही काळ अधिक वेगाने फिरते. हे दोष नव्हेत. त्यामुळे पहिला प्रश्न ‘आवाज येतो का’ हा नसून ‘हा आवाज पूर्वी येत होता का’ हा असतो.

आवाजाची लय

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो, तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदाच फिरतो. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर असल्यास क्रँकशाफ्ट सेकंदाला १५ फेरे घेतो. एखाद्या सैल टॅपेटची टकटक मात्र सेकंदाला सात-आठ वेळाच ऐकू येते. वरच्या भागातून येणारी हलकी, संथ टकटक व्हॉल्व्हकडे बोट दाखवते. खालून येणारा जड, घुमणारा ठोका बेअरिंगविषयी संशय निर्माण करतो.

तरीही केवळ कानावर विसंबणे धोक्याचे असते. धातूतून आवाज दूरवर पोहोचतो आणि उगम एकीकडे असताना दुसरीकडे जाणवतो. यासाठी मेकॅनिक विशिष्ट स्टेथोस्कोप वापरतात. तो नसल्यास लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाजवळ धरतात. अर्थात, फिरते पट्टे आणि पंखे यांच्या जवळ हे काम जाणकारानेच करावे.

थंड की गरम?

आवाज कोणत्या तापमानाला येतो, हा निदानातील मोठा दुवा आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे लोखंडी अस्तराच्या सिलिंडरमध्ये थंड पिस्टन किंचित सैल असतो आणि बाजूला आपटतो. तापल्यावर तो आवाज कमी होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडातून वायू गळत असेल, तर तीही टिकटिक थंडपणी स्पष्ट असते आणि धातू प्रसरण पावून फट बुजताच मंदावते. सुरुवातीचे काही क्षण येणारी आणि तेलाचा दाब वाढताच थांबणारी खडखड बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची असते.

कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे वर्तन उलट असते. इंजिन तापून तेल पातळ झाले की त्याचा ठोका अधिक ठळक होतो. ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना तो विशेष ऐकू येतो. गरम झाल्यावर वाढणारा आवाज हा थंडपणीच्या आवाजापेक्षा अधिक गंभीर मानावा, असा साधारण नियम आहे.

घाट चढताना किंवा कमी वेगात ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर येणारी धातूची किणकिण वेगळ्या कारणाने होते. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरमधील उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. यालाच नॉकिंग म्हणतात. सुमारे नऊ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये या कंपनांची वारंवारता साधारण सहा हजार हर्ट्‌झ असते. नॉक सेन्सर ती ओळखतो आणि संगणक ठिणगी उशिरा पाडतो. भारतात साधे पेट्रोल दीर्घकाळ ९१ ऑक्टेनचे मिळत आले, तर अनेक आयात स्पोर्ट्‌स कारना किमान ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेन लागते. इंधनाच्या झाकणामागील सूचना पाहिल्यास अनेकदा इंजिन उघडण्याची वेळच येत नाही.

संशयाची पडताळणी

यानंतर एक-एक शक्यता वगळावी लागते. क्लच दाबताच आवाज बदलला, तर शोध इंजिनाऐवजी क्लच बेअरिंग किंवा गिअरबॉक्सकडे वळतो. बाहेरचा पट्टा काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवल्यावर आवाज थांबला, तर दोष अल्टरनेटर, पाण्याचा पंप किंवा पुली यांपैकी एकात असतो. एका सिलिंडरचे इंजेक्टर क्षणभर बंद केल्यावर ठोका स्पष्टपणे मंदावला, तर त्या सिलिंडरचे रॉड बेअरिंग संशयित ठरते. कारण ज्वलनाचा धक्का नाहीसा होताच बेअरिंगवरील भार घटतो. व्हॉल्व्हच्या टकटकीत अशा वेळी विशेष फरक पडत नाही.

पुढचा साक्षीदार तेल. त्याची पातळी आणि स्वतंत्र मापकावरील दाब तपासला जातो. फिल्टर कापून त्याची घडी उलगडली जाते. लोखंडाचे कण चुंबकाला चिकटतात. ॲल्युमिनियम आणि तांब्याचे चिकटत नाहीत. स्पार्क प्लगच्या छिद्रातून सूक्ष्म कॅमेरा सोडून सिलिंडरच्या भिंतीवरील ओरखडेही पाहता येतात.

ही तपासणी का आवश्यक आहे, याचे उदाहरण पोर्शेच्याच १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या ‘बॉक्स्टर’ आणि ‘९११’ गाड्यांत सापडते. क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टकडे गती पोहोचवणाऱ्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग काही गाड्यांत निकामी झाले. असे झाल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ बिघडून ते एकमेकांवर आदळू शकतात. २००१ ते २००५ या वर्षांच्या मॉडेलांबाबत अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. अशा बिघाडात मोठा आवाज आधी येईलच, याची खात्री नसते. फिल्टरमधील चमकणारे कण मात्र पूर्वसूचना देऊ शकतात. शांत इंजिन म्हणजे निरोगी इंजिन, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

केव्हा थांबावे?

बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते आणि तेलाचा पातळ थर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. झीज झाली की फट वाढते, तेल निसटते, दाब घटतो आणि झीज आणखी वेगाने होते. वेळीच थांबल्यास बेअरिंगची पातळ कवचे बदलून काम भागू शकते. तसेच चालवत राहिल्यास क्रँकशाफ्ट खराब होतो आणि शेवटी रॉड तुटून संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून जड ठोका ऐकू आल्यास किंवा तेलाच्या दाबाचा दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन त्वरित बंद करावे. ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून पुढे जाऊ नये. गाडी उचलून न्यावी.

जाड तेल ओतून आवाज दबवता येतो, पण दोष तसाच राहतो. जुनी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गाडी पाहण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवू नये, अशी विनंती विक्रेत्याला करावी आणि थंड असताना ते स्वतःसमोर सुरू करून घ्यावे. त्यानंतर पुरेसे तापल्यावर पुन्हा ऐकावे.

मेकॅनिककडे जाताना मालकाने ध्वनिमुद्रण आणि नोंदी सोबत न्याव्यात : आवाज थंडपणी येतो की गरम झाल्यावर, किती फेऱ्यांवर, भार असताना की नसताना, आणि शेवटचे तेल केव्हा बदलले. या चार उत्तरांमुळे अंदाजाने इंजिन खोलण्याचा खर्च वाचू शकतो, आणि इंजिन खोलणे खरोखरच आवश्यक असल्यास ते वेळेवर होते.