आकड्यांची आवणी

मुरबाडहून माळशेजकडे जाणारा रस्ता टोकावडे, वैशाखरे, मोरोशी ही गावं मागे टाकत घाटाच्या पायथ्याशी पोहोचतो आणि पुढच्या काही किलोमीटरांत सातशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर चढतो. पाऊसही त्याच्याबरोबर चढतो. मुरबाडच्या बाजारात लोक छत्री मिटून फिरत असतात, तेव्हा घाटात समोरचं वाहन दिसत नसतं. शेजारच्या शहापूर तालुक्यात तीच तऱ्हा. आसनगावचा पाऊस वेगळा, डोळखांब-कसाऱ्याचा वेगळा. भातशेतकऱ्याचे प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखेच. राब भाजून झाला, रोपं तयार होत आली, आता आवणीजोगा पाऊस कधी? आणि कापलेलं भात शेतात पडलेलं असताना तीन-चार दिवस उघाड मिळेल का?

या प्रश्नांना उत्तर देऊ पाहणारा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यामागचे आकडे ज्या मॉडेलांतून येतात, त्यांतलं एक महत्त्वाचं मॉडेल पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या म्हणजे आयआयटीएमच्या संगणकावर चालत आलं आहे. ते पृथ्वीभोवतीची हवा लहानमोठ्या लाटांची बेरीज म्हणून मांडतं. ‘टी १५३४’ या त्याच्या नावातला आकडा सर्वांत बारीक लाटेचा. पृथ्वीच्या एका फेऱ्यात अशा १५३४ लाटा बसतात. वाऱ्याचं काही गणित लाटांत सोपं जातं, पण ढग, पाऊस आणि ऊन यांचा हिशेब नकाशावरच्या सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटीतच करावा लागतो. म्हणून मॉडेल प्रत्येक पावलाला लाटांतून चौकटींत आणि चौकटींतून लाटांत ये-जा करतं. या ये-जेतला मोठा वाटा लेजांद्र रूपांतराचा असतो, आणि ते रूपांतर म्हणजे मुळात आकड्यांच्या एका मोठ्या तक्त्याला दुसऱ्या तक्त्याने गुणणं.

हा गुणाकार बारावीच्या गणितातलाच, मॅट्रिक्सचा. तो झपाट्याने करून देणारी, कोणाच्याही डोळ्यांना न दिसणारी एक वस्तू जगातल्या जवळजवळ प्रत्येक वैज्ञानिक प्रोग्रॅमच्या पोटात असते. तिला म्हणतात लिनिअर अल्जिब्राची लायब्ररी.

पुस्तकात दोन बाय दोन आणि तीन बाय तीनचे मॅट्रिक्स असतात. हजार बाय हजारचे दोन घेतले, तर गुणाकारात २०० कोटी क्रिया होतात. प्रोग्रॅम लिहायला कठीण नाही. एकात एक असे तीन लूप, पाच-सहा ओळी, आणि उत्तर अचूक येतं. पण घड्याळ लावून पाहिलं तर असा साधा प्रोग्रॅम यंत्राच्या ताकदीचा बहुधा पाच टक्केही उपयोग करत नाही. बाकीचा वेळ प्रोसेसर नुसता थांबलेला असतो.

थांबतो तो आकड्यांसाठी. गेल्या दहा वर्षांतला साधा प्रोसेसर घेतला, तरी तीन गिगाहर्ट्झवर त्याचा एक कोअर सेकंदाला गुणाकार आणि बेरजा मिळून ४८०० कोटी क्रिया करू शकतो. मुख्य मेमरीतून त्याच्यापर्यंत तेवढ्या वेळात पोहोचणारे आकडे मात्र काहीशे कोटीच असतात. म्हणून चिपमध्येच कॅश नावाचे छोटे साठे ठेवलेले असतात. सर्वांत जवळचा साठा साधारण ३२ किलोबाइटचा, म्हणजे आठ बाइटचे ४०९६ आकडे मावतील एवढाच. हजार बाय हजारच्या एका मॅट्रिक्सात दहा लाख आकडे असतात. साध्या लूपमध्ये होतं असं, की आत्ता आणलेला आकडा थोड्याच वेळात साठ्यातून बाहेर फेकला जातो आणि पुन्हा लागला की पुन्हा मेमरीपर्यंत खेप पडते.

आवणीच्या दिवशी खाचरात जे चालतं, तेच इथे करावं लागतं. लावणाऱ्या बायांनी दर वेळी रोपवाटिकेपर्यंत जायचं ठरवलं, तर दिवस चालण्यातच जाईल. म्हणून रोपं खणून त्यांच्या मुठी बांधतात आणि चिखलात बेताबेताच्या अंतरावर आधीच टाकून ठेवतात, म्हणजे हात खाली गेला की मूठ हाताशी. लायब्ररी लिहिणारेही मॅट्रिक्सचे छोटे तुकडे पाडतात, ते ज्या क्रमाने लागणार त्याच क्रमाने मेमरीत नव्याने सलग मांडून ठेवतात, आणि एकदा जवळ आणलेल्या आकड्याकडून होईल तेवढं काम करून घेतल्याशिवाय त्याला सोडत नाहीत.

सर्वांत आतल्या घरात हे काम कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. हॅसवेल या इंटेलच्या २०१३ सालच्या प्रोसेसरमध्ये १६ रजिस्टर, म्हणजे चालू गणितातले आकडे धरणाऱ्या जागा, असतात आणि प्रत्येकात चार आकडे राहतात. ‘ब्लिस’ नावाची लायब्ररी त्यांतली १२ रजिस्टर उत्तरासाठी अडवून ठेवते. सहा ओळी आणि आठ स्तंभ, असे उत्तराचे ४८ आकडे तिथे साचत राहतात. उरलेल्या चार रजिस्टरांतून नवे आकडे येतात-जातात. दर पावलाला पहिल्या मॅट्रिक्समधले सहा आणि दुसऱ्यातले आठ, असे चौदाच आकडे आत येतात आणि त्यांच्यातून ४८ गुणाकार-बेरजा निघतात. तुकडा याहून मोठा घेतला तर रजिस्टर पुरत नाहीत, लहान घेतला तर खेपा वाढतात. असा हिशेब रजिस्टर, पहिली कॅश, दुसरी कॅश, तिसरी कॅश अशा प्रत्येक पायरीवर मांडायचा, आणि प्रोसेसर बदलला की पुन्हा मांडायचा.

या कामाची सुरुवात झाली ती एका करारातून. १९७९ साली लॉसन, हॅन्सन, किंकेड आणि क्रोग यांनी फॉरट्रान भाषेसाठी ‘ब्लास’ नावाचा रूटीनांचा संच प्रसिद्ध केला. कोणत्या क्रियेला काय नाव द्यायचं आणि तिला काय-काय पुरवायचं, हे त्यात ठरलं. आत ते काम कसं करायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. पहिल्या संचात एकेरी रांगांच्या क्रिया होत्या, १९८८ मध्ये मॅट्रिक्स आणि रांग यांच्या, आणि १९९० मध्ये मॅट्रिक्स-मॅट्रिक्सच्या. खरी मजा या तिसऱ्या पातळीची. तिथे मॅट्रिक्स दुप्पट लांबी-रुंदीचे घेतले, तर साठवण चौपट होते पण काम आठपट. आणलेल्या प्रत्येक आकड्याला अधिक काम मिळतं, म्हणून प्रोसेसर थांबत नाही. आजही ‘डीजेम’ हे गुणाकाराच्या रूटीनचं नाव तेच आहे.

पुढचा प्रश्न होता, तुकड्यांच्या मापांचा हिशेब कोणी मांडायचा? टेनेसी विद्यापीठात क्लिंट व्हेली आणि जॅक डोंगारा यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी ‘अ‍ॅटलास’ काढली. ती बसवताना यंत्रावर निरनिराळ्या मापांचे तुकडे चालवून पाहते, वेळ मोजते आणि सर्वांत वेगवान माप ठेवते. या मोजणीत कित्येक तास जात. शिवाय वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर मधेच वेग कमी करत असेल, तर सगळी मोजमापं चुकीची ठरत. म्हणून बांधणीआधी ती सोय बंद करायची, ही पहिली सूचना असे. दुसरी वाट काझुशिगे गोतो या जपानी गृहस्थांची. ते जपानच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होते, पुढे टेक्सास विद्यापीठात आले. त्यांनी हा आतला गाभा असेम्ब्ली भाषेत हाताने लिहिला. कॅशइतकंच लक्ष त्यांनी चिपमधल्या आणखी एका छोट्या यादीकडे दिलं. मेमरीचं कोणतं पान नेमकं कुठे आहे, हे ती यादी सांगते. तीत न सापडणाऱ्या पत्त्यांपायी जाणारा वेळ त्यांनी वाचवला आणि हाताने लिहिलेली लायब्ररी पुढे निघून गेली. त्यांनी काम थांबवल्यावर चीनमध्ये झांग शियानयी यांनी २०११ पासून तोच कोड ‘ओपनब्लास’ म्हणून पुढे चालवला. आज पायथनमध्ये नमपाय वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा हीच लायब्ररी नकळत बसलेली असते.

ती स्वतः बांधायची असेल, तर लिनक्सवर सी आणि फॉरट्रानचे कंपायलर पुरतात. ‘मेक’ म्हटलं की आधी प्रोसेसरची ओळख पटवली जाते, मग त्याला साजेसे गाभे निवडून हजारो फायली कंपाइल होतात, शेवटी चाचण्या चालतात आणि प्रोसेसरचं नाव, कंपायलर आणि जास्तीत जास्त थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, यांचा अहवाल पडद्यावर येतो. इथली नेहमीची फसगत म्हणजे नव्या यंत्रावर बांधून जुन्यावर नेणं. नव्या यंत्रासाठी वापरलेली एखादी सूचना जुन्या प्रोसेसरला ठाऊकच नसते आणि प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जागच्या जागी बंद पडतो. त्यासाठी सगळ्या प्रोसेसरांचे गाभे एकत्र ठेवून चालू होताना योग्य तो निवडण्याची सोय आहे. दुसरी फसगत थ्रेडची. प्रोग्रॅमने आठ कोअरवर आठ कामं सुरू केली आणि प्रत्येक कामातल्या लायब्ररीनेही आठ-आठ थ्रेड काढले, की चौसष्ट जण आठ जागांसाठी भांडतात आणि वेग वाढायच्या ऐवजी घसरतो. अशा वेळी लायब्ररीला एकाच थ्रेडवर बांधून ठेवणं शहाणपणाचं.

तिसरी गोष्ट हवामानवाल्यांच्या जिव्हाळ्याची. संगणकात बेरजेचा क्रम बदलला की शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. लायब्ररी बदलली की क्रम बदलतो. हवेच्या गणितात हा सूक्ष्म फरक दिवसागणिक वाढत जातो, त्यामुळे दोन लायब्रऱ्यांवर चालवलेलं एकच मॉडेल आठ-दहा दिवसांनंतरचा पाऊस वेगवेगळा दाखवू शकतं. म्हणून लायब्ररी बदलल्यावर उत्तर अंकाला अंक जुळण्याची अपेक्षा कोणी धरत नाही. पुष्कळ दिवसांच्या अंदाजांची सरासरी पारखतात. सूक्ष्म फरक असे वाढत जातात, म्हणूनच २०१८च्या जूनपासून १२ किलोमीटरच्या चौकटींवर एकाऐवजी २१ अंदाज काढून त्यांतून शक्यता सांगायची पद्धत सुरू झाली.

पुण्याचं आणि मराठी माणसांचं या गणिताशी जुनं नातं आहे. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये असताना रेषीय नियोजनाची आपली प्रसिद्ध पद्धत मांडली. विमानांची वेळापत्रकं किंवा कारखान्याचं उत्पादन ठरवणाऱ्या या पद्धतीची प्रत्येक पायरी शेवटी समीकरणांच्या एका मोठ्या संचाशी येऊन थांबते. तो संच झटपट सुटला, तर पद्धत झटपट चालते. म्हणजे तिथेही भार लिनिअर अल्जिब्रावरच. २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेतला ‘एका’ हा संगणक जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. ही यादी लिनपॅक चाचणीवर ठरते. एक अवाढव्य समीकरणसंच सोडवायचा आणि वेळ मोजायचा. त्यात बहुतेक काळ डीजेमच चालत असतं. ‘एका’ची कागदावरची क्षमता १७०.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १७०.९ लाख कोटी क्रिया, होती, हाती आले ११७.९.

आयआयटीएमचा ‘प्रत्यूष’ महासंगणक ८ जानेवारी २०१८ रोजी कामाला लागला. चार पेटाफ्लॉप्सपैकी (एक पेटा म्हणजे हजार टेरा) ३.७६ त्याने लिनपॅकवर करून दाखवले. हा आकडा पाहून हवामानाचं मॉडेलही यंत्राचा असाच पुरेपूर उपयोग करत असेल असं वाटेल, पण तसं होत नाही. मॅट्रिक्सचा गुणाकार हा मॉडेलचा एक भाग झाला. ढग कसे बनतात, थेंब कधी पडतात, जमीन किती तापते, याच्या हिशेबात दर आकड्यामागे काम थोडं आणि वाहतूक फार. तिथे लायब्ररीचा हात पोहोचत नाही आणि यंत्र पुन्हा थांबू लागतं. हवामानाची मॉडेलं सहसा यंत्राच्या क्षमतेचा थोडाच हिस्सा वापरू शकतात. यादीतला क्रमांक म्हणजे यंत्राला जे सर्वांत चांगलं जमतं त्याची परीक्षा असते. मुरबाडचा पाऊस ही वेगळी परीक्षा.

ती अवघड का, हे माळशेजच्या नकाशावर चटकन कळतं. १२ किलोमीटरच्या एका चौकटीत पायथ्याचं गाव, कडा आणि वरचं पठार सगळं एकत्र येतं. मॉडेलला कडा दिसतच नाही, दिसतो एक मंद उतार. आणि ढग अडवून पाऊस पाडतो तो कडाच. चौकट निम्मी केली तर दोन्ही दिशांनी मिळून चौकटी चौपट होतात, काळाची पावलंही निम्मी करावी लागतात. काम ढोबळमानाने आठपट. सप्टेंबर २०२४ मध्ये आयआयटीएमला ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्का’ मिळाला आणि २६ मे २०२५ रोजी संस्थेने घडवलेली ६ किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ रुजू झाली. ‘प्रत्यूष’च्या मानाने यंत्र साधारण तिप्पट, काम आठपट. मधली तूट नुसत्या पैशांनी भरून निघत नाही, ती कोडमध्येच भरावी लागते.

या कारागिरीची चुणूक घ्यायला पाषाणच्या दालनात जावं लागत नाही. शहापूर किंवा मुरबाडच्या कॉलेजातल्या कोणत्याही लॅपटॉपवर हजार बाय हजारचे तीन लूप सी भाषेत लिहावेत आणि वेळ टिपावा. मग उत्तराला धक्का न लावता फक्त आतल्या दोन लूपांची अदलाबदल करावी. आकडे मेमरीत ज्या रांगेने ठेवले आहेत त्याच रांगेने वाचले जाऊ लागताच वेळ झपकन उतरतो. शेवटी तोच गुणाकार ओपनब्लासकडून करून घ्यावा. हे तीन वेळ शेजारी-शेजारी लिहिले, की पुण्याच्या यंत्रांवर कोट्यवधी रुपये खर्चूनही कोड लिहिणाऱ्या माणसाची गरज का उरते, ते आकड्यांतच दिसतं.