‘उंच गाडी’ या शब्दप्रयोगातील दोन अर्थ

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीस पोहोचल्यावर सातपुड्यातील विखुरलेल्या पाड्यांकडे जे फाटे फुटतात, त्यांवर दगड, नाले आणि पावसाने कोरलेल्या चाकोऱ्या यांतून गाडीस वाट काढावी लागते. अशा प्रदेशात ‘गाडी उंच हवी’ असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु ‘उंच’ या एका शब्दात दोन भिन्न मापे सामावलेली आहेत. त्यांची गल्लत झाल्यास खर्च व्यर्थ जातोच, शिवाय प्रवाशांच्या जिवासही धोका पोहोचतो.

पहिले माप सांगाड्याच्या उंचीचे, दुसरे आसाखालील मोकळिकीचे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने भारतात जिची जुळणी आरंभिली, त्या विलीज जीपच्या रचनेत हा भेद स्पष्ट दिसतो. तिचे पुढील व मागील आस यू-बोल्टांनी पाट्यांस जखडलेले असतात आणि पाट्यांवर सांगाडा तोललेला असतो. पाटे हे आस व सांगाडा यांच्या मधले असल्यामुळे त्यांत केलेल्या बदलाने केवळ सांगाडाच वर जातो. आसाच्या मध्यावरील डिफरन्शियलची फुगीर पेटी, म्हणजे दगडास प्रथम लागणारा भाग, होती तेथेच राहते. ती वर न्यावयाची तर टायर मोठे हवेत. आणि टायरचा व्यास ६ सें.मी. वाढला, तर पेटी ३ सें.मी.च उचलली जाते. सांगाडा उचलण्याचा खरा लाभ असा की, मोठ्या टायरास जागा होते आणि चढाच्या पायथ्याशी गाडीचे नाक टेकत नाही.

सांगाडा उचलण्याचे मार्ग सामान्यतः चार. जादा पाटा घातल्यास उंची वाढते, पण कमान ताठर होऊन रिकामी गाडी आदळू लागते. अधिक बाकाचे नवे पाटे बसविणे महाग, परंतु त्यांचा ताठरपणा हवा तसा निवडता येतो. पाट्याच्या एका टोकाचा शॅकल ४ सें.मी. लांब केल्यास उंची सुमारे २ सें.मी. वाढते, मात्र आसाचा कल बदलतो व पुढील चाकांच्या बाबतीत स्टिअरिंगची स्थिरता बिघडू शकते. आस व पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालणे मागील आसापुरतेच ठीक. पुढे तो घालणे ब्रेकच्या ताणामुळे धोक्याचे ठरते.

प्रत्येक मार्गाची एक समान किंमत आहे. उदाहरणादाखल, दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १२५ सें.मी. व गुरुत्वमध्याची उंची ६५ सें.मी. मानली, तर अर्ध्या अंतराचे उंचीशी गुणोत्तर ०.९६ येते. सांगाडा ८ सें.मी. उचलल्याने गुरुत्वमध्य सुमारे ७ सें.मी. वर गेला, तर ते ०.८७ होते. हे गुणोत्तर जितके कमी, तितकी गाडी वळणावर वा आडव्या उतारावर उलटण्याची शक्यता अधिक. त्यात टपावर माणसे वा पोती असली की ते आणखी घटते. घाटातील वळणांवर हा हिशेब कागदावरचा राहत नाही.

म्हणून मोजमाप काटेकोर असावे. सपाट जागी, गाडी नेहमी वाहते तितक्याच भारासह, चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांशी मोजून नोंदवावे. डावे-उजवे माप सारखे असावे. बदलानंतर आस पूर्ण खाली लोंबला असता ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, प्रोपेलर शाफ्टचा कोन अवाजवी झाला नाही ना, हे पाहावे. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत. थोड्या प्रवासानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोतही नव्याने जुळवावा.

यास कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून भिन्न होतील असा बदल मालकास सामान्यतः करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच बजावले.

तेव्हा ‘गाडी उंच करणे’ या क्रियेचे कर्म आधी निश्चित केले पाहिजे. आस दगडास लागत असेल, तर केवळ पाटे वाढवून तो दगड चुकणार नाही. आणि गाडी भाराने दबत असेल, तर पहिला उपाय भार उतरविणे हाच होय.