ठोका जुळवा, पण वादकाचे नाव पुसू नका

भीमजयंती जवळ आली की वस्त्यावस्त्यांतून नव्या भीमगीतांची तयारी सुरू होते. एकेकाळी गाणे रेकॉर्ड करायचे तर शहरातला मोठा स्टुडिओ आणि खिशात बक्कळ पैसा लागे. आज आमचा तरुण दहा बाय दहाच्या खोलीत, एका संगणकावर गाणे तयार करतो. या गोष्टीचा आम्हाला अभिमान आहे. मात्र यातल्या बऱ्याच गाण्यांबाबत एक तक्रार कायम ऐकू येते. आवाज मोठा, पण ठोक्यात दम नाही!

असे का होते? हलगीच्या कडक आवाजाखाली भरदार किक हवी म्हणून तरुण दोन-तीन तयार सॅम्पल एकावर एक रचतात. आवाज म्हणजे हवेचे पुढे-मागे होणे. एक थर हवा पुढे ढकलत असताना दुसरा तीच हवा मागे खेचत असेल, तर दोघांची बेरीज न होता वजाबाकी होते. १०० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट १० मिलीसेकंदांची असते. दोन थर फक्त ५ मिलीसेकंदांनी सरकले तरी त्या पट्टीतला खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. इतका सूक्ष्म फरक कानाला दोन ठोके म्हणून कळत नाही. गाणे पोकळ झाले एवढेच कळते. आमच्या गटातटांच्या राजकारणाची अवस्था याहून वेगळी आहे काय? जोर सगळेच लावतात, हाती शून्य!

उपाय अवघड नाही. प्रत्येक सॅम्पलच्या सुरुवातीची रिकामी जागा कापावी. स्नॅप बंद करून चित्र पूर्ण मोठे करावे आणि ठोक्यांच्या सुरुवाती एका रेषेत आणाव्यात. सीडीच्या दर्जात एका सेकंदात ४४,१०० नमुने असतात, म्हणजे ५ मिलीसेकंदांत सुमारे २२०. तेवढ्या बारकाईने सरकवता येते. एकाची पहिली लाट वर आणि दुसऱ्याची खाली जात असेल तर एक थर उलटा करून पाहावा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘इन्व्हर्ट’ आहे. शेवटी मोनोमध्ये ऐकावे. ज्या स्थितीत खर्ज भरून येतो, ती स्थिती बरोबर. डोळ्यांपेक्षा कानाचा निकाल अंतिम मानावा.

पण आमचा मुख्य मुद्दा पुढेच आहे. हे जे सॅम्पल आपण इतक्या काळजीने जुळवतो, ते वाजवले कोणी?

अमेरिकेत १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन या कृष्णवर्णीय वादकाने काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन २००६ साली वारले. त्या वापराचे मानधन त्यांना कधीच मिळाले नाही. जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्ड यांचा ठेकाही असाच जगभर वाजला, पण गाण्याच्या रचनाकारांत त्यांचे नाव नव्हते. ते २०१७ साली गेले. श्रम एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, हा व्यवहार आम्हाला नवा नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरशी आमचे नाते जुळले ते अशाच अनुभवांतून.

आता आपल्याकडे पाहा. गावकीच्या सक्तीत जी हलगी वाजवावी लागली, तीच पुढे आमच्या मोर्च्यांत स्वाभिमानाने कडाडली. आज तिचा ठोका रेकॉर्ड होतो, कापला जातो, संगणकातून संगणकात फिरतो. वादकाला त्या दिवसाची मजुरी मिळते, नाव मात्र कुठेच राहत नाही.

कायदा वादकाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले. कलम ३८ प्रमाणे हे हक्क ५० वर्षे टिकतात. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-अ आणि ३८-ब जोडले गेले. ३८-ब प्रमाणे, काही अपवाद सोडले तर, आपल्या सादरीकरणावर आपले नाव असावे असा दावा वादक करू शकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे, हलगीवादकाला रेकॉर्डिंगला बोलावाल तेव्हा एका पानाचा करार करा. कोणत्या गाण्यासाठी, किती काळासाठी, किती मानधन, आणि ठोका पुन्हा दुसऱ्या गाण्यात वापरायचा झाल्यास काय, हे चार मुद्दे साध्या मराठीत लिहा. गाण्याच्या श्रेयनामावलीत गायक-गीतकारांसोबत वादकाचे नाव छापा. फाइलला नाव देतानासुद्धा ‘हलगी-१’ न लिहिता वादकाचे नाव लिहा. याला कसलाही खर्च येत नाही.

समतेची गाणी गाणाऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये तरी श्रमणारा हात निनावी राहता कामा नये.