त्रिकोण जोडून विश्व

पुठ्ठ्याचे समभुज त्रिकोण कापा. एका बिंदूभोवती सहा चिकटवले तर सपाट, पाच चिकटवले तर घुमट, सात झाले की कडा वरखाली होतात. वक्रता मला सूत्रांआधी अशी कळली.

आइन्स्टाइनच्या लेखी गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता. त्यात पुंजभौतिकी शिरली की शक्य त्या सगळ्या आकारांची बेरीज करावी लागते. ती बेरीज करायला यान अँब्यॉर्न, येर्झी युर्किएविच आणि रेनाटे लॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी त्रिकोणांचे चार मितींतले भाऊबंद संगणकावर यदृच्छया जोडले. आधीच्या अशा प्रयत्नांत विश्वाचा एक तर चोळामोळा व्हायचा, नाहीतर नुसत्या फांद्या फुटायच्या. या तिघांनी अट घातली: कार्यकारणाचा क्रम मोडायचा नाही. 2004 मध्ये मोठ्या पल्ल्यावर चार मितींचं विश्व हाती आलं.

मिती मोजायला अशा विश्वात एक भटका कण सोडतात. तो सुटल्या जागी कितपत परततो, त्यावरून ती ठरते. 2005 चा निकाल चक्रावणारा होता: अतिसूक्ष्म पातळीवर मिती दोनच्या आसपास उतरते!

प्रयोगाचा पुरावा अजून नाही. तरी नुसत्या सौंदर्यावर विसंबणाऱ्या सिद्धांतांपेक्षा हा मोजून बघणारा मार्ग मला जास्त पटतो.