सलाइन म्हणजे जेवण नव्हे!

आयसीयूबाहेर ताटकळणारे नातेवाईक डॉक्टरांना रक्तदाब विचारतात, ऑक्सिजन विचारतात. ‘पोटात काही जातंय का?’ हा प्रश्न बहुधा राहून जातो. सलाइन चालू आहे म्हणजे पोषण मिळतेच आहे, असा समज असतो. प्रत्यक्षात साध्या सलाइनमध्ये पाणी आणि मीठ एवढेच असते. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाइनमधूनही २०० पेक्षा कमी कॅलरी मिळतात. ६० किलो वजनाच्या रुग्णाची गरज मात्र दिवसाला सुमारे १५०० कॅलरी आणि ७० ते ८० ग्रॅम प्रथिने इतकी असते.

गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते. लंडनमधील ६३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा आकार सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटलेला आढळला. केवळ आहाराने ही झीज थांबत नाही, पण उपासमार तिच्यात भर घालते. म्हणूनच रुग्णाला तोंडाने खाता येत नसेल आणि रक्ताभिसरण स्थिर असेल, तर ४८ तासांच्या आत नळीवाटे अन्न सुरू करावे, असे युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञ संघटना सांगतात.

मग घोडे अडते कुठे? बरेचदा जुन्या सवयींपाशी. आतड्यांचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबण्याची गरज नसते, तरी थांबले जाते. जठरात थोडे अन्न शिल्लक दिसले की फीड बंद होते. ५०० मिलीपेक्षा कमी शिल्लक असेल आणि इतर त्रास नसेल, तर ते बंद करू नये, असे अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. स्कॅनसाठी रुग्णाला उपाशी ठेवतात आणि नंतर फीड पुन्हा सुरू करायचे राहून जाते. रुग्णालयातच रुग्ण कुपोषित होतात, हे अमेरिकी डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. तरीही वैद्यकीय शिक्षणात पोषणाच्या वाट्याला आजही थोडेच तास येतात.

अर्थात, जास्त म्हणजे चांगले असेही नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या घसरू शकते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मात्रा हळूहळू वाढवतात.

उपाय महागडा नाही. औषधाप्रमाणे आहारही केसपेपरवर लिहायचा: कोणता, ताशी किती मिली. दिवसअखेर ठरवलेले किती आणि पोहोचले किती, याचा हिशेब मांडायचा. राउंडला आहारतज्ज्ञाला सोबत घ्यायचे.

नातेवाइकांनी घरचे सूप स्वतःहून नळीत घालू नये. पण विचारावे जरूर: फीड सुरू झाले का? आज किती गेले? थांबवले असेल, तर पुन्हा केव्हा सुरू होणार?